घरचा हौद आणि नगरपालिकेचा ठराव

(संस्थेच्या व्याख्यानमालेत विहारात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



 

संस्थेच्या चिटणीसांनी मला जो विषय दिला तो असा : 'स्थानिक निवडणुकीतील उमेदवार, त्याचे कौटुंबिक जीवन आणि समाजकार्य'. विषय ऐकून मी थोडा बिचकलोच. समाजकार्यावर बोलणे सोपे असते. प्रत्येक उमेदवाराच्या पत्रकावर ते छापलेलेच असते. वह्यावाटप, रक्तदान शिबिर, जयंतीच्या मिरवणुकीला वर्गणी, गल्लीत बसवलेला दिवा, आणि सर्वांत खाली 'आपला हक्काचा माणूस'. कौटुंबिक जीवन मात्र त्या पत्रकावर फार तर फोटोपुरते येते. प्रभाग महिलांसाठी राखीव निघाला की त्याच फोटोतील बाईचे नाव वर जाते, आणि नवऱ्याचा फोटो तिच्या फोटोपेक्षा मोठा छापला जातो. आपण हसलात, म्हणजे अशी पत्रके आपणही पाहिली आहेत.

आपल्या धम्मात घर आणि समाज यांच्यामध्ये अशी भिंत घातलेली नाही. दीघनिकायात सिगालोवाद सुत्त आहे. सिगाल नावाचा एक गृहस्थाचा मुलगा सहा दिशांना नमस्कार करीत उभा होता. भगवंतांनी त्याला समजावून सांगितले, की खऱ्या सहा दिशा म्हणजे आईवडील, गुरू, पत्नी-मुले, मित्र, कामकरी माणसे आणि श्रमण. या प्रत्येकाशी आपण कसे वागतो हीच खरी दिशावंदना. पत्नीचा मान राखावा, तिचा अपमान करू नये, घरातील अधिकार तिच्या हाती द्यावा, असे पतीला तेथे सांगितले आहे. त्याच सुत्तात लोकांना जोडून ठेवणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या आहेत : दान, गोड वाणी, दुसऱ्याच्या हिताचे काम आणि समानतेने वागणे. आमचे उमेदवार पहिल्या दोन गोष्टी निवडणुकीच्या पंधरा दिवसांत भरपूर करतात. तिसरी काही जण निवडून आल्यावर करतातही. चौथी कुठे दिसते हे पाहायचे तर माणसाच्या घरीच जावे लागते.

म्हणून मी असा एक लोकप्रतिनिधी शोधू लागलो, की ज्याचे नगरपालिकेतील काम आणि घरातील वागणे ही दोन्ही आपणांस चांगली माहीत आहेत. फार लांब जावे लागले नाही. बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर ज्यांना आपले गुरू मानले, आणि १९४६ साली आपला शूद्रांविषयीचा ग्रंथ ज्यांना अर्पण केला, ते जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. जोतीरावांना आपण शाळा काढणारे म्हणून ओळखतो, सत्यशोधक समाजाचे संस्थापक म्हणून ओळखतो. नगरपालिकेचे सभासद म्हणून त्यांच्याकडे फार कमी जण पाहतात. ते स्वतः मात्र ही ओळख मिरवीत नसले तरी लपवीतही नव्हते. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन सादर केले, त्यात त्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचा सभासद, राहणार पेठ जुना गंज, अशी दिली आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जोतीराव निवडणूक लढवून निवडून आलेले नव्हते. त्या काळी सभासद सरकार नेमत असे. स्थानिक संस्थांत लोकांनी निवडलेले सभासद असावेत हे धोरण लॉर्ड रिपनने १८८२ साली जाहीर केले, आणि तोपर्यंत जोतीरावांची मुदत संपत आली होती. तेव्हा त्यांना कोणाच्या दारात मत मागायला जावे लागले नाही. उलट सरकारने नेमलेला माणूस सरकारची मर्जी सांभाळतो, अशीच कोणाचीही अपेक्षा असणार.

ते काय करीत होते ते पाहा. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास यावयाचे होते. त्यांच्या स्वागतासाठी शहर शृंगारावे, त्यासाठी नगरपालिकेने एक हजार रुपये खर्च करावेत, असा प्रस्ताव आला. सभासद सगळे सरकारनियुक्त, पाहुणा सरकारचा सर्वोच्च अधिकारी. एकट्या जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा कर भरणाऱ्यांचा आहे, तो गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. दुष्काळाला जेमतेम तीन वर्षे झाली होती हेही आपण लक्षात घ्यावे. त्याच वर्षी शहरात दारूची दुकाने वाढू लागली तेव्हा त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहून हरकत घेतली. एकीकडे लोकांच्या आरोग्यावर खर्च करायचा आणि दुसरीकडे दारूने त्यांची घरे बसू द्यायची, हा कोणता कारभार, असा त्या पत्राचा रोख होता. मंडईची मोठी इमारत बांधायची ठरली तेव्हाही त्या खर्चाला त्यांनी विरोध केला. इमारत झालीच. १८८६ साली ती खुली झाली आणि तिला रे मार्केट हे नाव मिळाले. आज तिचे नाव महात्मा फुले मंडई आहे! ज्या खर्चाला माणसाने विरोध केला, त्याच खर्चातून उभ्या राहिलेल्या इमारतीला त्याचे नाव द्यायचे, हे आपल्या सार्वजनिक जीवनाचे एक वैशिष्ट्यच म्हणावे लागेल.

आणखी एक गोष्ट जाता जाता सांगतो, कारण सभेत तरुण मंडळी बरीच आहेत. जोतीराव ठेकेदार होते. पुण्याजवळच्या खडकवासला धरणाच्या कामाला त्यांनी सामान पुरवले होते, बांधकामाचे ठेके घेतले होते. आजकाल नगरसेवक झाल्यावर माणूस ठेकेदार होतो. जोतीराव आधी ठेकेदार होते आणि मग सभासद झाले. बांधकाम खात्यात मजुरांना कसे लुबाडले जाते आणि अधिकारी पैसे कसे खातात, हे त्यांनी जवळून पाहिले, आणि पुस्तकात लिहून ठेवले. आयुष्याच्या अखेरीस पक्षाघाताने त्यांचा उजवा हात निकामी झाला, तेव्हा घरात औषधपाण्याची ओढाताण होती आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून मदत आली. सहा वर्षे नगरपालिकेत बसलेल्या ठेकेदाराच्या घरची ही स्थिती.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे घराकडे वळतो. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. नगरपालिकेत जाण्याच्या आठ वर्षे आधी. त्या काळात पुण्यात अस्पृश्यांना सार्वजनिक पाणवठ्यावर भांडे बुडवता येत नव्हते. हौद खुला करणे म्हणजे आपल्या जातीच्या, आपल्या आळीच्या, आपल्या सोयऱ्यांच्या पंगतीतून उठणे. आणि विद्यार्थ्यांनो, हौद घरचा असला म्हणजे त्यावर दिवसभर घरातली बाई असते. पाणी भरायला आलेल्या माणसांशी पहिली गाठ पडणार ती तिची. तिच्या मनातून विटाळ गेला नसता तर हौद कागदावर खुला आणि व्यवहारात बंद राहिला असता. म्हणून मी हा हौद एकट्या जोतीरावांचा मानत नाही, तो सावित्रीबाईंचाही मानतो.

याच्या शेजारी महाडचा चवदार तळ्याचा इतिहास ठेवून पाहा. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ साली महाड नगरपालिकेने त्यानुसार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, वहीत लिहिला गेला, आणि तीन वर्षे कोणा अस्पृश्याला तेथे ओंजळभर पाणी घेता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो बांधवांसह तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले, आणि त्यानंतर आपल्या लोकांवर काय हल्ले झाले हे मी या सभेला नव्याने सांगण्याची गरज नाही. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस हे सत्याग्रहाच्या बाजूने उभे राहिले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. तरीही ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. पुढे प्रकरण कोर्टात गेले आणि उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले.

१८६८ मध्ये घरच्या हौदाला कोणाच्या ठरावाची, गणपूर्तीची, अनुमोदनाची गरज लागली नाही. आणि तो हौद पुन्हा बंद करण्याचा ठरावही कोणाला करता आला नाही. महाडच्या ठरावाला हात वर करणाऱ्या सभासदांपैकी कितींनी आपल्या घरच्या आडावर आपल्या बांधवांना येऊ दिले असते, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी घरी जाऊन शांतपणे विचारात घ्यावा. मी ठरावांची थट्टा करीत नाही. ठराव नसता तर बाबासाहेबांना कायद्याच्या आधारावर उभे राहणे अवघड झाले असते. ठराव हवाच. पण त्याच्या मागे हात वर करणाऱ्याचे घर उभे नसले तर पहिल्या धक्क्यालाच तो मागे घेतला जातो.

जोतीराव-सावित्रीबाईंच्या घराविषयी थोडे अधिक बोलायला हवे. त्यांना मूल झाले नाही. नातेवाइकांनी जोतीरावांच्या मागे दुसऱ्या लग्नाचा लकडा लावला. त्यांच्या चरित्रात नोंद आहे ती अशी, की उणीव नवऱ्यात असली तर बायकोने दुसरा नवरा करून घरी आणला तर चालेल काय, असा उलटा प्रश्न त्यांनी विचारला. दुसरे लग्न झाले नाही. १८६३ साली त्यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले होते. फसवल्या गेलेल्या विधवांनी तेथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे. काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला. तोच यशवंत. त्याला शिकवून डॉक्टर केले. आता विचार करा, बाहेरच्या जगात ज्या विधवांना कोणी उभे करीत नव्हते, त्यांची बाळंतपणे सावित्रीबाई आपल्या घरात करीत होत्या, आणि त्यातल्याच एका मुलाला त्यांनी आपल्या मांडीवर घेतले. समाजकार्याची खोली वेगळी आणि राहण्याची खोली वेगळी, असे त्या घरात नव्हतेच.

१८७६-७७ च्या दुष्काळात जोतीराव सभासद होते. त्यांनी आणि सत्यशोधक मंडळींनी उपाशी मुलांसाठी धनकवडीच्या छावणीत अन्नाची सोय केली. सावित्रीबाई त्या वेळी ओतूर-जुन्नर भागात होत्या. तेथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. नवऱ्याला लिहिलेल्या त्या पत्रात दुष्काळाची, गाव सोडून जाणाऱ्या लोकांची आणि कामाचीच हकीकत आहे. यशवंताचे लग्न १८८९ साली सत्यशोधक पद्धतीने झाले. मुलगी हडपसरच्या ससाणे घराण्यातील. लग्नाआधीच तिला घरी आणून ठेवले होते, तिची आणि यशवंताची ओळख व्हावी, तिचे शिकणे चालू राहावे म्हणून. सासरच्यांनी लग्नाआधी सुनेच्या शिक्षणाची काळजी करणे हे आजही आपल्या वस्तीत किती घरांत होते, हे आपले आपण पाहावे.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. आपल्या देहाचे दहन न करता तो मिठात पुरावा, अशी त्यांची इच्छा होती. राहत्या वस्तीत दफनाची परवानगी नगरपालिकेकडून मिळाली नाही, म्हणून दहन करावे लागले. भाऊबंदांनी दत्तक मुलाने टिटवे धरण्यास हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः हातात घेतले आणि त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा डॉ. यशवंत आणि सावित्रीबाई यांनी ससाणे मळ्यात रुग्णांची सोय केली. मुंढव्याच्या महारवाड्यातील एक आजारी मुलगा सावित्रीबाईंनी पाठीवर घालून दवाखान्यात आणला. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. तोपर्यंत जोतीरावांचे सभासदत्व संपून पंधरा वर्षे होऊन गेली होती. सभासदत्व संपले, पण घराचे काम संपले नव्हते.

आज कायदासुद्धा उमेदवाराच्या घरात थोडेफार डोकावतो. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा अधिक मुले झालेला माणूस स्थानिक निवडणुकीला उभा राहू शकत नाही, असा नियम आला. ग्रामपंचायतीच्या सदस्याच्या घरी शौचालय असावे आणि त्याचा वापर व्हावा, असाही नियम झाला. संपत्तीचे आणि गुन्ह्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून स्थानिक संस्थांत महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, आणि महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु शौचालय कोण धुते, हे प्रतिज्ञापत्रात लिहावे लागत नाही. निवडून आलेली बाई सभेला स्वतः जाते की तिची सही घरी घेतली जाते, हेही कोणी तपासत नाही. आपल्यापैकी काही भगिनी राखीव जागेवर उभ्या राहिल्या, निवडून आल्या, आणि उत्तम काम केले. काहींच्या बाबतीत मात्र त्यांचे यजमानच 'साहेब' झाले आणि त्या सत्काराच्या वेळी शाल घेण्यापुरत्या व्यासपीठावर आल्या. अशा घराला दोष देताना मी जरा सावध असतो, आणि त्याचे कारण आता सांगतो.

मी स्वतः एकदा नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा होतो. राखीव प्रभाग होता. कागदपत्रे जमवण्यात, जातीच्या प्रमाणपत्राची पडताळणी करून घेण्यात माझ्या चपला झिजल्या, ते असो. मी कोपरा सभा घेत असे. भाषण करायची सवय होती. दररोज संध्याकाळी मी जोतीराव-सावित्रीबाईंची हीच हकीकत सांगत असे, १८४८ सालच्या मुलींच्या शाळेपासून सुरुवात करून. टाळ्या मिळत. एके दिवशी सभा संपल्यावर वस्तीतील एक म्हातारी बाई पुढे आल्या. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणतो. त्या म्हणाल्या, "दादा, सावित्रीमाईचं सांगितलंस, लई बरं वाटलं. पण तुझ्या थोरलीला दहावीनंतर घरी का बसवलंस?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. म्हणजे उत्तर होते, पण ते माईकवर सांगण्यासारखे नव्हते. मुलगी दहावी चांगल्या गुणांनी पास झाली होती. त्याच वर्षी मुलाला पॉलिटेक्निकला घालायचे होते. दोघांची फी झेपणार नाही असे मी ठरवले, आणि कोणाचे शिक्षण थांबवायचे हे ठरवायला मला एक मिनिटही लागले नाही. घरात विचारलेही नाही. पत्नी पहाटे चार वाजता उठून नळावर पाणी भरत असे, कारण आमच्या गल्लीत पाणी तेवढाच वेळ येई, आणि मी दिवसा लोकांना सांगत असे की निवडून आलो तर पाण्याचा प्रश्न सोडवीन. तिच्या हातची एक बादलीसुद्धा मी कधी उचलली नव्हती. पुढे मी निवडणूक पडलो. मावशींच्या प्रश्नामुळे पडलो असे नाही, माझ्याकडे पैसा नव्हता, आणि समोरचा उमेदवार माझ्यापेक्षा जास्त ओळखीचा होता. पण त्या संध्याकाळनंतरच्या सभांमध्ये मी सावित्रीबाईंविषयी बोलू शकलो नाही. जीभच रेटत नव्हती.

मुलीने लग्नानंतर, दोन मुले सांभाळून, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी. ए. पूर्ण केले. जावयाने फी भरली आणि परीक्षेच्या दिवसांत मुले सांभाळली. मी नाही. निकाल लागला तेव्हा तिने मला फोन केला, आणि मी पेढे घेऊन गेलो. बापाच्या हातून एवढेच झाले.

तेव्हा तरुण मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण पुढे उभे राहतील, राहिलेच पाहिजे. बाबासाहेबांनी मिळवून दिलेल्या जागा आपण रिकाम्या सोडायच्या नाहीत. पत्रक छापायला देण्याआधी ते एकदा घरी वाचून दाखवा. आईला, बहिणीला, पत्नीला. त्या हसल्या तर कुठल्या ओळीला हसल्या ते विचारा. आणि मतदार म्हणून तुमच्या दारात कोणी आले, आपला असो वा परका, तर मावशींनी विचारला तसा एखादा प्रश्न त्याला विचारा. रागाने नको, त्यांनीही रागाने विचारला नव्हता.

संस्थेच्या वाचनालयात महात्मा फुले यांचे समग्र वाङ्मय आहे. हंटर आयोगापुढील निवेदन त्यात आहे, विद्यार्थ्यांनी ते अवश्य वाचावे. किमान बारा वर्षांच्या वयापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी त्यांनी १८८२ साली कशी मांडली ते पाहावे.

मावशी आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. भाषण सुरू असताना मी दोनदा त्यांच्याकडे पाहिले, त्या डोळे मिटून बसल्या होत्या. झोपल्या होत्या की ऐकत होत्या, हे मी कार्यक्रम संपल्यावर विचारणार आहे. 

जय भीम. नमो बुद्धाय.